विलायतेतील हिंदी विद्यार्थी : साहाय्य, देखरेख आणि विश्वास (१८७०–१९३०)

सारांश

परदेशी विद्यापीठात शिकण्यासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला तेथील जीवनाशी जुळवून घेण्यास मदत करणे, हा आज उच्च शिक्षणातील एक स्वतंत्र प्रशासकीय विषय मानला जातो. प्रत्यक्षात या विषयाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटनमध्ये गेलेल्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी प्रथम स्वयंसेवी संस्थांनी, नंतर सरकारने व त्याच सुमारास स्वतः विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या व्यवस्था उभारल्या. या तीन प्रकारच्या व्यवस्थांचा तुलनात्मक विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मदत करणारा आणि पाळत ठेवणारा हात एकच झाला, की विद्यार्थी त्या मदतीपासून दूर जातो, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

हिंदुस्थानातील पाश्चात्त्य शिक्षणाच्या इतिहासावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. विलायतेस जाऊन आलेल्या थोर व्यक्तींची चरित्रे आणि आत्मचरित्रेही आपल्याकडे मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. तथापि या चरित्रांतील परदेशवास हा बहुधा चरित्रनायकाच्या जिद्दीचा पुरावा म्हणून येतो. थंडी, उपासमार, एकटेपणा यांवर त्याने कशी मात केली, हे वाचकाला सांगितले जाते. परंतु त्याला तेथे कोणी उतरवून घेतले, खोली कोणी मिळवून दिली, पैसे संपले तेव्हा तो कोणाकडे गेला, आजारी पडला तेव्हा त्याच्या उशाशी कोण होते, हे प्रश्न मागे पडतात. व्यक्तीच्या पराक्रमाकडून व्यवस्थेच्या इतिहासाकडे वळल्यास हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

या प्रश्नांना आजही महत्त्व आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून पदवी घेऊन परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे आणि आशिया व आफ्रिका खंडांतील विद्यार्थी आपल्या विद्यापीठांतही शिकण्यास येतात. म्हणजे आपण एकाच वेळी पाहुणे पाठविणारेही आहोत आणि यजमानही आहोत. या दोन्ही भूमिकांतून या इतिहासाकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) १८७० ते १९३० या काळात ब्रिटनमध्ये गेलेल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या अडचणींचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) त्यांच्या साहाय्यासाठी निर्माण झालेल्या स्वयंसेवी, सरकारी व विद्यार्थिप्रणीत व्यवस्थांचा आढावा घेणे.
३) या व्यवस्थांच्या यशापयशाची कारणे शोधणे.

लेखात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आत्मचरित्रे, चरित्रे आणि समित्यांच्या कामकाजाविषयीची प्रकाशित माहिती यांचा आधार घेतला आहे. अभ्यासक्षेत्र मुख्यतः ब्रिटन हे असले, तरी तुलनेसाठी अमेरिकेत गेलेल्या दोन मराठी विद्यार्थ्यांच्या अनुभवाचा विचार केला आहे.

विलायतेस जाण्याची कारणे

विद्यार्थी विलायतेला का जात होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील नेमणुका १८५५ पासून स्पर्धापरीक्षेने होऊ लागल्या. परंतु ही परीक्षा लंडनमध्येच होत असे. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर या परीक्षेत उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. हिंदुस्थानातही परीक्षा घ्यावी ही मागणी वारंवार होऊनही ती १९२२ मध्येच मान्य झाली. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनमधील चार ‘इन्स ऑफ कोर्ट’पैकी एका संस्थेत नाव नोंदवून तेथील ठरावीक भोजनांना हजर राहणे अनिवार्य होते. वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबरोचा लौकिक होता. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील बहुतेक धार्मिक अटी १८७१ च्या कायद्याने रद्द झाल्यामुळे ख्रिस्तेतर विद्यार्थ्यांचा तेथील मार्ग अधिक सुलभ झाला.

थोडक्यात, विलायतेला जाणे ही केवळ हौस नव्हती. राज्यकारभारातील व व्यवसायातील वरच्या जागांची वाट साम्राज्याने मुद्दामच लंडनमधून काढली होती. त्यामुळे विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली. १८७० च्या दशकाच्या प्रारंभी ती शंभराच्याही आत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती सुमारे सातशेपर्यंत पोहोचली आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याच्या दुपटीच्या आसपास गेली. ज्या राजवटीने हा प्रवास अपरिहार्य केला, त्या राजवटीने प्रवाशांची जबाबदारी घेतली काय, हा या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

अडचणींचे स्वरूप

विद्यार्थ्यांच्या अडचणी निघण्यापूर्वीच सुरू होत. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या समाजात जातिबहिष्काराची भीती खरी होती. मोहनदास गांधी सप्टेंबर १८८८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईहून निघाले तेव्हा त्यांच्या मोढ वाणी जातीच्या पंचायतीने त्यांना जातीबाहेर काढले होते. असा विद्यार्थी परदेशात अपयशी ठरला, तर परत येण्यास त्याला घर उरेलच याची खात्री नसे. म्हणून तो आपली अडचण घरी कळवीत नसे. परदेशातील विद्यार्थ्यांच्या मौनाचे हे एक कारण ध्यानात घेतले पाहिजे.

पोहोचल्यानंतरचा पहिला प्रश्न निवाऱ्याचा असे. वसतिगृहे थोडी होती आणि बहुतेकांना खासगी घरांतून पैसे देऊन राहावे लागे. घरमालकीण कशी मिळेल, ती हिंदी माणसाला खोली देईल की नाही, यावर पुढची दोन-तीन वर्षे कशी जातील हे अवलंबून असे. दुसरा प्रश्न अन्नाचा. शाकाहारी विद्यार्थ्याचे हाल होत. फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृह सापडेपर्यंत गांधीजी अर्धपोटी राहत होते, हे त्यांच्या आत्मचरित्राच्या वाचकांना माहीत आहे. तिसरा प्रश्न पैशाचा. घरून येणारी हुंडी टपालाच्या बोटीबरोबर येई. वडिलांनी काढलेला खर्चाचा अंदाज आणि लंडनमधील प्रत्यक्ष खर्च यांत मेळ नसे. चौथा प्रश्न रीतिभातींचा. गांधीजी लंडनला पोहोचले त्याच दिवशी डॉ. प्राणजीवन मेहता त्यांना भेटावयास आले आणि दुसऱ्याच्या वस्तूस हात लावू नये, पहिल्या भेटीत खासगी प्रश्न विचारू नयेत, मोठ्याने बोलू नये असे प्राथमिक धडे त्यांनी हसतखेळत दिले. आज ज्याला विद्यापीठे ‘ओरिएंटेशन’ म्हणतात, त्याचेच हे घरगुती रूप होय. विशेष म्हणजे पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी स्वतःही लंडनला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी खर्च, कपडे, अन्न व अभ्यासक्रम यांची तपशीलवार माहिती देणारी एक मार्गदर्शिका लिहिली. आधी गेलेल्याने मागून येणाऱ्याची वाट सुकर करावी, ही परंपरा अशी जुनी आहे.

स्वयंसेवी साहाय्य : नॅशनल इंडियन असोसिएशन

या क्षेत्रातील पहिली महत्त्वाची संस्था म्हणजे नॅशनल इंडियन असोसिएशन. समाजसुधारक मेरी कार्पेंटर यांनी १८७० मध्ये ब्रिस्टल येथे ती स्थापन केली. हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणास साहाय्य करणे आणि हिंदुस्थानाविषयी इंग्लंडमध्ये आस्था निर्माण करणे हे तिचे प्रारंभीचे हेतू होते. १८७७ मध्ये कुमारी एलिझाबेथ अॅडलेड मॅनिंग संस्थेच्या मानद सचिव झाल्या आणि १९०५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी हे काम पाहिले. त्यांच्या काळात विद्यार्थ्यांचे साहाय्य हे संस्थेचे एक प्रमुख कार्य बनले. संस्थेचे मासिक निघत असे. विद्यापीठे व व्यवसाय यांविषयी माहितीपुस्तिका प्रसिद्ध होत. पालकांनी विनंती केल्यास मुलाच्या निवासाची व खर्चाची देखभाल केली जाई. आणि ठरावीक दिवशी मॅनिंगबाईंच्या घरी हिंदी विद्यार्थी व इंग्रज कुटुंबे एकत्र जमत. गांधीजींची नारायण हेमचंद्र यांच्याशी ओळख याच घरी झाली. १८८० च्या सुमारास माजी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या नावाने एक क्लबही निघाला. तेथे विद्यार्थ्यांना वाचनालय व बैठकीची सोय होती.

या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. जन्माने नाशिकच्या व डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी असलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना गुणवत्ता असूनही केवळ स्त्री म्हणून सरकारी शिष्यवृत्ती नाकारण्यात आली, तेव्हा इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी उभारला. त्यातून त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या आणि १८९२ मध्ये बी.सी.एल. परीक्षेस बसणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. जेथे सरकारी नियम थांबला, तेथे व्यक्तिगत सद्भाव पुढे आला.

तरीही या साहाय्याला दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे ते वरून खाली येणारे होते. यजमान इंग्रज, पाहुणा हिंदी, ही मांडणी सहसा उलट होत नसे. दुसरी मर्यादा अशी, की साम्राज्याविषयी कृतज्ञ नागरिक घडविणे हा त्यामागचा अव्यक्त हेतू होता. जोवर विद्यार्थी चहापार्टीतल्या गप्पांपुरता बोलत होता, तोवर हे दोन्ही दोष दिसले नाहीत.

आश्रयाची किंमत : आनंदीबाई आणि रमाबाई

व्यक्तिगत आश्रयाचे दोन वेगळे अनुभव एकाच काळातील दोन मराठी स्त्रियांच्या चरित्रांत दिसतात. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. गोपाळरावांचे एका मिशनरी मासिकात छापलेले पत्र वाचून न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती थिओडोसिया कार्पेंटर यांनी आधीच त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला होता. बोटीवरून उतरलेल्या आनंदीबाईंना त्या स्वतः घेऊन गेल्या, कॉलेज सुरू होईपर्यंत त्यांना आपल्या घरी ठेवले, आणि धर्म किंवा आहार बदलण्याचा आग्रह धरला नाही. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनीही त्यांची काळजी घेतली. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई पदवीधर झाल्या. परंतु क्षयाने खंगलेले शरीर घेऊनच त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. स्नेह अकृत्रिम होता. मात्र कडाक्याची थंडी, अपुरा आहार व अभ्यासाचा ताण यांना केवळ स्नेह पुरा पडत नाही. आरोग्याची पद्धतशीर व्यवस्था वेगळीच लागते, हे या शोकांतिकेने दाखविले.

पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाने त्यांना व त्यांच्या लहान मुलीला आश्रय दिला. तेथेच त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या देशात एकाकी पडलेल्या मनाची अवस्था किती टोकाला जाऊ शकते, याची ही एक दारुण नोंद आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढील वर्षी त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू व शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयी हिंदुस्थानातील बिशपांपर्यंत विचारणा झाली आणि प्रतिकूल मत आले. रमाबाईंनी या हस्तक्षेपाला पत्रांतून ठाम विरोध केला. आपण कोणते मत बाळगावे आणि कोणाला शिकवावे, हे ठरविण्याचा अधिकार आश्रय घेतल्यामुळे गहाण पडत नाही, अशी त्यांची भूमिका होती. याउलट चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना वादविवादाची मुभा दिली. रमाबाईंचा विश्वास कोठे टिकला व कोठे डळमळला, याचे कारण या फरकात आहे.

साहाय्यातून देखरेखीकडे : १९०५ ते १९१२

वंगभंगानंतर विलायतेतील हिंदी विद्यार्थ्यांचे राजकारण बदलले. १ जुलै १९०५ रोजी पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी लंडनच्या हायगेट भागात ‘इंडिया हाऊस’ हे वसतिगृह उघडले. सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांची सोय तेथे होती. श्यामजी व बॅरिस्टर सरदारसिंह राणा यांनी शिष्यवृत्त्याही जाहीर केल्या. त्यांपैकी शिवाजीच्या नावाची शिष्यवृत्ती मिळवून, लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने, विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला पोहोचले. इंडिया हाऊसचे क्रांतिकार्य सर्वपरिचित आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एवढेच ध्यानात घ्यावयाचे, की ज्या खोल्या, जे भोजन आणि ज्या शिष्यवृत्त्या सरकारने दिल्या नाहीत, त्या येथे देशबांधवांकडून मिळत होत्या. राजकारणाची ओढ नसलेला विद्यार्थीही स्वदेशी जेवणासाठी व स्वभाषेतील गप्पांसाठी तेथे जाऊ शकत होता.

सरकारला याची दखल घेणे भाग पडले. भारतमंत्री जॉन मोर्ले यांनी १९०७ मध्ये सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ली-वॉर्नर यांची सेवा मुंबई इलाख्यात झालेली होती. थिओडोर मॉरिसन व सर विल्यम कर्झन वायली हे अन्य सभासद होते. विद्यार्थ्यांच्या खऱ्या अडचणींची चौकशी समितीने केली; परंतु तिच्या नेमणुकीमागे राजकीय चिंता होती, हे लपून राहिले नाही. अहवाल त्या वेळी प्रसिद्धच झाला नाही. तो उघड व्हावयास १९२२ साल उजाडावे लागले. ज्यांच्याविषयी अहवाल लिहिला गेला त्यांच्यापासूनच तो लपविला गेल्यामुळे संशय वाढला.

१९०९ मध्ये ‘ब्युरो ऑफ इन्फर्मेशन’ स्थापन होऊन टी. डब्ल्यू. अर्नोल्ड यांची शैक्षणिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. अर्नोल्ड यांनी अलीगढ व लाहोर येथे अध्यापन केले होते. कवी इक्बाल हे त्यांचे विद्यार्थी. व्यक्ती म्हणून ते विद्वान व सहृदय होते. परंतु व्यवस्थेचा जन्मच अशुभ वेळी झाला. १ जुलै १९०९ च्या रात्री इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या. मध्ये पडलेले डॉ. कावस लालकाका हेही मृत्युमुखी पडले. धिंग्रा हे युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते आणि तो समारंभ होता नॅशनल इंडियन असोसिएशनचा. धिंग्रांच्या थोरल्या भावाच्या विनंतीवरून वायली यांनी त्यांना मार्गदर्शनपर पत्रही पाठविले होते. कुटुंबाच्या दृष्टीने ती काळजी होती. धिंग्रांच्या दृष्टीने तो राज्यकर्त्याचा हस्तक्षेप होता. विद्यार्थ्यांना सल्ला देणारा अधिकारी हाच भारतमंत्र्यांचा राजकीय सहायक असल्यावर या दोन अर्थांत भेद करणे कोणालाच शक्य नव्हते.

त्यानंतर पाळत वाढली. हिंदुस्थानातील पोलिस सेवेतील जॉन वॉलिंजर यांच्याकडे लंडनमधील गुप्तवार्तेचे काम आले. विद्यार्थी म्हणून वावरणारे खबरेही मंडळ्यांत शिरले. सावरकरांना कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊनही बॅरिस्टरीची सनद मिळाली नाही. १९१० मध्ये ब्युरो, नॅशनल इंडियन असोसिएशन आणि नॉर्थब्रुक सोसायटी या तिन्ही संस्था साउथ केन्सिंग्टनमधील २१, क्रॉमवेल रोड या एकाच इमारतीत आणण्यात आल्या. नवागतांसाठी तेथे तात्पुरत्या निवासाची सोय होती. १९१२ मध्ये या कामाचा विस्तार होऊन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सचिव नेमला गेला आणि विद्यापीठांच्या ठिकाणी स्थानिक सल्लागार नेमण्यात आले.

कागदावर ही योजना निर्दोष होती. स्टेशनवर उतरवून घेणे, खोली मिळवून देणे, प्रवेशाचा पत्रव्यवहार करणे, पालकांच्या वतीने पैसे सांभाळणे, हे सर्व तिच्यात होते. तरीही स्वाभिमानी विद्यार्थी क्रॉमवेल रोड टाळू लागले. प्रवेशासाठी विद्यापीठे व इन्स ऑफ कोर्ट या विभागाच्या प्रशस्तीची अपेक्षा ठेवू लागल्यावर तर सल्लागार हा द्वारपाल बनला. जो आपल्या वर्तनाविषयी अभिप्राय लिहिणार, त्याच्यापुढे मन मोकळे कोण करील? मदतीची गरज सर्वांत जास्त असलेला विद्यार्थीच मदतीपासून दूर राहिला.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या व्यवस्था

सरकारी व्यवस्थेला समांतर अशी विद्यार्थ्यांची मंडळे आधीपासूनच होती. एडिंबरो इंडियन असोसिएशन १८८३ मध्ये, केंब्रिज मजलिस १८९१ मध्ये आणि ऑक्सफर्ड मजलिस १८९६ मध्ये स्थापन झाली. वादविवाद, संगीत, सणसमारंभ यांबरोबरच नव्या विद्यार्थ्याला जुन्याची ओळख करून देणे हे त्यांचे मोठे कार्य होते. प्रांत, भाषा व धर्म यांचे भेद ओलांडून ‘हिंदी’ म्हणून एकत्र येण्याचा अनुभव अनेकांना प्रथम परदेशातच आला.

पहिल्या महायुद्धानंतर के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी भागात हिंदी वाय.एम.सी.ए.चे विद्यार्थी संघ व वसतिगृह सुरू झाले. १९२३ मध्ये ते गॉवर स्ट्रीटवर आले. संस्था ख्रिस्ती होती, परंतु सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना दार खुले होते. व्यवस्थापन हिंदी माणसांकडे होते. भोजन ओळखीचे होते. व्याख्यानांत राजकीय मतांना मज्जाव नव्हता. क्रॉमवेल रोड आणि गॉवर स्ट्रीट यांच्यात अंतर फार नाही. पण विद्यार्थ्यांच्या मनात ते फार होते. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात इमारतीची हानी झाल्यावर फिट्झरॉय स्क्वेअर येथे तिची नवी वास्तू उभी राहिली. तिची कोनशिला स्वतंत्र भारताचे उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्या हस्ते १९५० मध्ये बसली.

लिटन समिती आणि वर्णभेदाचा प्रश्न

१९२१ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमण्यात आली व १९२२ मध्ये तिचा अहवाल आला. त्यालाच जोडून ली-वॉर्नर समितीचा अहवालही प्रसिद्ध झाला. दरम्यान १९२० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानच्या उच्चायुक्तांचे कार्यालय स्थापन होऊन विद्यार्थ्यांचे काम भारतमंत्र्यांच्या कचेरीतून तिकडे वर्ग झाले होते. लिटन समितीपुढे आलेल्या तक्रारींवरून अडचणींचे एक नवे अंग पुढे आले. विद्यापीठांतील अधिकारी-प्रशिक्षण पथकांत हिंदी विद्यार्थ्यांना घेतले जात नव्हते. कारखान्यांत प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या जागा मिळणे कठीण होते. महाविद्यालयांतील जागा मर्यादित होत्या. म्हणजे अडचण केवळ विद्यार्थ्याच्या अननुभवाची नव्हती. यजमान समाजाच्या वृत्तीचीही होती.

१९२७ मध्ये एडिंबरोतील काही उपाहारगृहांनी व नृत्यगृहांनी आशियाई व आफ्रिकी विद्यार्थ्यांना प्रवेश बंद केला, तेव्हा ही गोष्ट उघडपणे दिसली. तेथील इंडियन असोसिएशनने संघटितपणे आवाज उठविला व हा प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला. विद्यार्थ्याने समाजाशी ‘जुळवून घ्यावे’ असा उपदेश करणाऱ्यांनी, समाज त्याच्याशी जुळवून घेण्यास तयार आहे काय, हेही विचारावयास हवे, हा या प्रसंगाचा धडा आहे.

शिष्यवृत्ती आणि तिची मुदत

आर्थिक साहाय्याचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेवाचून पूर्ण होणार नाही. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रारंभीचे काही दिवस जेवणाची आबाळ झाल्यावर ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तेथून त्यांनी अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी चार वर्षांची सवलत मिळविली. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून केलेली बचत, शाहू छत्रपतींचे साहाय्य व भथेनांकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

या घटनाक्रमात चार घटक स्पष्ट दिसतात : संस्थानिकाची शिष्यवृत्ती, वसतिगृहातील मित्र, मुदतवाढ देणारे विद्यापीठ आणि अडचणीत धावून येणारा समाजधुरीण. यांपैकी एक जरी नसता, तरी परिणाम वेगळा झाला असता. थोर पुरुषाच्या जिद्दीला वंदन करतानाच तिला आधार देणाऱ्या या घटकांची नोंद घेणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. कारण जिद्द असूनही हे चार आधार न मिळालेल्या विद्यार्थ्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

यजमानाच्या भूमिकेतून

स्वातंत्र्यानंतर भूमिका अंशतः बदलली. मौलाना आझाद यांनी १९५० मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांमुळे आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थी भारतात येऊ लागले व पुणे हे त्यांचे एक केंद्र बनले. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे अधीक्षक असताना प्रा. शां. ब. मुजुमदार यांना मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडलेला आणि एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत असल्याचे आढळले. वसतिगृहाचा नियम मोडल्याची ही घटना शिस्तभंग म्हणून नोंदविता आली असती. त्यांनी तिच्यात एकाकी पाहुण्याची व्यथा पाहिली आणि त्यातून १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ची स्थापना झाली. अधीक्षकाच्या खुर्चीवरील माणसाने नियमाच्या पलीकडे पाहिले म्हणजे काय घडू शकते, याचे हे आपल्या जवळचे उदाहरण आहे. लंडनमध्ये जे सल्लागारांना साधले नाही, त्याचे मर्म येथे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) परदेशी विद्यार्थ्याच्या मूलभूत गरजा, म्हणजे निवारा, परिचित अन्न, वेळेवर पैसा, आरोग्य आणि विश्वासाचा माणूस, दीड शतकात फारशा बदललेल्या नाहीत.

२) व्यक्तिगत सद्भाव अमोल आहे, पण तो पुरेसा नाही. आनंदीबाईंना माया मिळाली, तरीही त्यांचे आरोग्य वाचले नाही. सद्भावाला व्यवस्थेची जोड हवी.

३) आश्रयाच्या बदल्यात मताचे वा श्रद्धेचे आज्ञापालन मागितले, की साहाय्याचे नैतिक बळ संपते. रमाबाईंचा विरोध हे याचे प्रमाण आहे.

४) सल्ला आणि देखरेख ही दोन कामे एकाच हाती दिल्यास सल्ला निरुपयोगी होतो. क्रॉमवेल रोडचे अपयश हे पैशाचे वा माणसांच्या योग्यतेचे नसून रचनेचे अपयश होते.

५) विद्यार्थ्यांनी स्वतः चालविलेली मंडळे व आधी आलेल्यांचे मार्गदर्शन हे सर्वांत टिकाऊ साहाय्य ठरले.

६) जुळवून घेण्याचा भार एकट्या पाहुण्यावर टाकता येत नाही.

आपल्या महाविद्यालयांतून परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी, निवासपत्रे व पोलिसांकडील माहिती यांचे काम ज्या मेजावर होते, त्याच मेजावर त्याच्या एकटेपणाची चौकशी होऊ नये, एवढा बदल कोणत्याही अनुदानावाचून करता येण्याजोगा आहे. त्यासाठी एक वेगळा प्राध्यापक, एक वेगळी खोली आणि त्याच देशातून आधी आलेला एखादा विद्यार्थी पुरेसा आहे. १९१० मध्ये लंडनला यासाठी मोठी इमारत लागली आणि तरीही काम झाले नाही. कारण त्या इमारतीत शिरणाऱ्या विद्यार्थ्याला, आपण येथे पाहुणे आहोत की संशयित, याची खात्री कधीच देता आली नाही. आपल्या आवारात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला ही खात्री पहिल्याच दिवशी देणे, हे यजमान म्हणून आपले पहिले कर्तव्य आहे.